दोन वायपर मोटरींवर मोशन सीट: रेसिंग आणि विमान, दोन्ही भागेल का?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. घरी सिम्युलेटर गेमसाठी चौकोनी पाइपचा वेल्ड केलेला रिग (सांगाडा) आहे. त्यावर गाडीतली जुनी बकेट सीट, फोर्स फीडबॅक व्हील आणि लोड सेलवाला, म्हणजे पायाचा दाब मोजणारा, ब्रेक. व्हील काढलं की त्याच जागी जॉयस्टिकचा खांब बसतो. निम्मा वेळ असेटो कोर्सा (रेसिंग), निम्मा वेळ एक्स-प्लेन (विमान), आणि त्यातही ग्लायडरच जास्त. आता हे सगळं हलायला हवं असं डोक्याने घेतलंय.

हाताशी आहे ते असं: गाडीच्या १२ व्होल्टच्या दोन वायपर मोटरी, प्रोपेलर शाफ्टचा एक क्रॉस जॉइंट, अर्डुइनो उनो आणि वेल्डिंग मशीन. वेल्डिंग चांगलं येतं, कोडिंग कामापुरतं. माझं वजन ७२ किलो.

अख्खा रिग हलवू की फक्त सीट? या मोटरी पुरतील का? व्हिडिओंमध्ये लोक पंचवीस-तीस अंश कलताना दिसतात, तेवढं लागतं का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न विमानाचा. मी ४५ अंश बँक करून, म्हणजे विमान एका बाजूला कलवून, थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) घिरट्या घालते, तेव्हा सीटही ४५ अंश कलायला हवी ना? तेवढं कललं तर मी खाली पडेन, आणि नाही कललं तर मग उपयोग काय? का सरळ सहा पायांचाच प्लॅटफॉर्म करायला घेऊ?

मधलं_गियर

फक्त सीट हलवा. अख्खा रिग म्हणजे मॉनिटर, पेडल, व्हील सगळ्यांचं वजन मोटरींवर. सीट मूव्हरची एकच कटकट असते: पेडल जागच्या जागी आणि सीट पुढेमागे, त्यामुळे पाय आपोआप दाबला जातो. लोड सेल ब्रेकवर हे लगेच कळतं. ब्रेक मारला, सीट पुढे झुकली, की पाय आणखी दाबतो आणि टायर लॉक. पिच, म्हणजे पुढेमागे झुकणं, कमी ठेवा, जमून जाईल. विमानातलं मला कळत नाही, जुना_लेथ येतील आणि तासभर बोलतील.

जुना_लेथ

आलो.

आधी तुमच्या बँकचंच घेतो, कारण तिथे अडलं तर पुढचं सगळं चुकीचं बांधलं जातं. ग्लायडरच्या कॅनॉपीवर (कॉकपिटच्या काचेवर) बाहेरून एक लोकरीचा धागा असतो, विमानात पॅनेलवर बॉल असतो. वळण नीट घेतलंत तर धागा सरळ राहतो आणि बॉल मध्यात. म्हणजे काय? म्हणजे तुमचं अंग डावीकडेही ओढलं जात नाही आणि उजवीकडेही नाही. ४५ अंशांच्या बँकला १.४१ जी (म्हणजे वजनाच्या १.४१ पट जोर), ६० अंशांना २ जी, आणि ते सगळं सरळ पाठीच्या कण्यातून सीटमध्ये. डोळे मिटले तर वळणात आहोत हे अंगाला समजायला काही मार्गच नाही, फक्त जड झाल्यासारखं वाटतं. आता सीट ४५ अंश कलवून ठेवलीत तर काय होईल? अंग एका बाजूला घसरायला लागेल. खऱ्या विमानात असं घसरणं हे वळण बिघडल्याचं लक्षण आहे. म्हणजे एवढी मेहनत करून तुम्ही स्वतःला खोटं शिकवाल.

स्क्रीनवर दिसतो तो कोन प्लॅटफॉर्मने दाखवायचाच नसतो. अंगावर जो जोर येतो तो दाखवायचा. कोन दाखवायला स्क्रीन आहे.

कानाचं थोडं. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांना वळण्याची सुरुवात आणि शेवट कळतो. एकाच वेगाने वळत राहिलं की आतला द्रव नळीच्या वेगाला येऊन मिळतो आणि जाणीव विझते. ढगात शिरलेले वैमानिक वळणात असून सरळ आहोत असं समजतात ते यामुळेच. दुसरी जाणीव बारीक खड्यांची, ऑटोलिथची. त्यांना जोर कळतो, पण तो गुरुत्वाकर्षणाचा की गाडीच्या त्वरणाचा, हे त्यांना ओळखता येत नाही. आपला सगळा धंदा या न ओळखण्यावर चालतो. ॲक्सिलरेटर दाबला की सीट मागे कलवायची. पाठीवर वजन येतं, आणि डोळ्यांना रस्ता धावताना दिसत असतो म्हणून मेंदू म्हणतो, गाडी सुटली.

म्हणून विमानासाठी रोल (डावी-उजवीकडे कलणं) असा लावायचा: स्टिक डावीकडे गेली की सीटने डावीकडे चटकन एक झटका द्यायचा, दोन-तीन अंश पुरे, आणि मग तुम्हाला कळणार नाही इतक्या हळू मध्यावर परत यायचं. याला वॉशआउट म्हणतात. मोठ्या सिम्युलेटरमध्ये हे परत येणं साधारण सेकंदाला ३ अंशांच्या आत ठेवतात, म्हणजे कान फसतो. घसरलेल्या वळणाचा जोर वेगळा. एक्स-प्लेनच्या डेटा आउटपुटमध्ये ‘माख, व्हीव्हीआय, जी-लोड’ नावाची ओळ आहे, तिच्यात उभा, पुढेमागचा आणि बाजूचा जी वेगवेगळा मिळतो. बाजूचा जी रोलला जोडा. धागा सरळ तर सीट सरळ, रडर चुकला की सीट तुम्हाला ढकलेल. ग्लायडरवाल्याला याहून चांगला मास्तर मिळायचा नाही.

रेसिंगमध्ये उलटं. तिथे बाजूचा जोर वळणभर टिकतो. उजवं वळण म्हणजे अंग डावीकडे फेकलं जातं, म्हणून सीट डावीकडे कलते. ब्रेक म्हणजे पुढे. आता तीस अंशांच्या व्हिडिओंबद्दल. १० अंश कललं की ०.१७ जी मिळतो, बस. रेसिंग टायरवरची गाडी वळणात दीड जीच्या आसपास सहज घेते. तिथपर्यंत पोचायला उलटं लटकलात तरी होणार नाही. म्हणून आकड्यामागे धावायचं नाही, सुरुवात पकडायची. मागचं चाक सुटलं तो क्षण सीटने विनाउशीर सांगितला तर ५ अंशांतही अंगावर काटा येतो. आणि तीस अंश कलणारी पण उशिरा पोचणारी सीट हमखास मळमळ देते, कारण डोळे एक सांगतात आणि कान मागाहून दुसरंच.

सहा पायांचं डोक्यातून काढा. ती रचना मुळात डनलॉपमध्ये एरिक गॉफ यांनी टायर तपासायला केली, १९५४ च्या सुमाराला. पुढे १९६५ मध्ये स्टुअर्ट यांच्या निबंधात ती विमानाच्या सिम्युलेटरसाठी मांडली गेली आणि नाव त्यांचंच चिकटलं. सुंदर आहे, पण साधा रोल करायलाही सहाच्या सहा पाय एकाच वेळी बरोबर हलावे लागतात. गणित सॉफ्टवेअर करतं हो, पण मोटरी, ड्रायव्हर, सेन्सर, सांधे, सगळं सहा-सहा. एका सांध्यात झोल असेल तर शोधत बसा कुठल्या. त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, एडविन लिंक यांनी ट्रेनर केला तेव्हा घरचा धंदा ऑर्गन आणि पियानोचा होता, म्हणून त्यांनी डब्याखाली ऑर्गनचे भातेच बसवले. हाताशी होतं ते वापरलं. तुमच्या हाताशी क्रॉस जॉइंट आहे.

तर मोटरींचा हिशोब. तुम्ही ७२, सीट आणि तिची चौकट धरून १०० किलो समजू. गुरुत्वमध्य क्रॉसच्या वर १५ सेंमी आला, तर १० अंश कलल्यावर नुसतं धरून ठेवायला साधारण २५ न्यूटन-मीटर. झटका द्यायला त्याच्या दुप्पट वर. म्हणजे ८० च्या घरात. मोटरी सीटच्या मागे, क्रॉसपासून ४० सेंमीवर, एक डावीकडे २० सेंमी, एक उजवीकडे २० सेंमी. पिचला दोघी मिळून ओढतात, तरफेचा हात ४० सेंमीचा, ५ सेंमीच्या क्रँकवर प्रत्येकीला ५ न्यूटन-मीटर येतात. रोलला एक वर एक खाली, आणि हात २० सेंमीचाच, म्हणून तेच १० न्यूटन-मीटर होतात. सगळं मरण रोलमध्ये आहे. वायपर मोटर दहा न्यूटन-मीटर क्षणभर देईल, सतत दिली तर तापेल. म्हणून दोन गोष्टी करा. क्रॉस जितका गुरुत्वमध्याच्या जवळ नेता येईल तितका न्या, सीटच्या खाली खोल नको. आणि दोन्ही बाजूंना स्प्रिंग द्या, म्हणजे उभं राहायचं काम स्प्रिंग करतील आणि मोटरीला फक्त हलवायचं उरेल. ५ सेंमी क्रँकवर पिचला ७ अंश आणि रोलला १४ अंश मिळतात, भरपूर झाले. मधलं_गियर म्हणतात तो पायाचा त्रासही ७ अंशांत आटोक्यात राहतो.

एक गोष्ट मात्र वेल्डिंगला हात लावायच्या आधी बघा. मल्टिमीटरचं एक टोक मोटरीच्या अंगाला लावा, दुसरं एकेका वायरला. बऱ्याच वायपर मोटरींत एक ब्रश थेट बॉडीला जोडलेला असतो, कारण गाडीत बॉडी म्हणजेच अर्थ. एच-ब्रिज सर्किटवर मोटर उलटसुलट फिरवायची म्हणजे तीच बॉडी कधी प्लस कधी मायनस होणार. अशा दोन मोटरी एकाच लोखंडी चौकटीवर बोल्ट केल्या, आणि एक डावीकडे एक उजवीकडे फिरायला लागली, की चौकटीतूनच शॉर्ट. एक तर मोटर उघडून तो ब्रश सुटा करून वेगळी वायर काढा, नाही तर नायलॉनचे वॉशर आणि बुश घालून मोटर चौकटीपासून तोडा. तीन ब्रश असतील तर कमी वेगाचाच वापरा. वेगाचा ब्रश एका बाजूला सरकवलेला असतो, त्यावर मोटर एका दिशेला जोरात आणि दुसऱ्या दिशेला मरतुकडी फिरते.

रात्रपाळी

काका, हे वाचून आधी मल्टिमीटर काढला. एका मोटरीची बॉडी खरंच जोडलेली निघाली, दुसरीची नाही. बॉल आणि धाग्याचं इतके दिवस बघत होते, पण सीटशी त्याचा संबंध कधी लावला नव्हता.

पुढचं विचारते. पोझिशन कळायला पॉट (पोटेन्शियोमीटर) कुठे बसवू? पॉवर सप्लाय म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा चालेल का? आणि दादाची मुलगी, वय वर्षं चार, माझ्या खोलीत कधीही घुसते, त्याचं काय करू?

जुना_लेथ

मुलीपासून सुरू करतो. सीटखालची फट ही बोटं जायची जागा आहे. वायपर मोटरीतला वर्म गियर मागे ढकलता येत नाही, म्हणजे बोट सापडलं तर सीट उचलून सुटका होत नाही. चारही बाजूंना जाड कापडाचा किंवा रबराचा पडदा लावा, क्रँकवर पत्र्याचं आवरण. लाल मश्रूम बटण दोन ठिकाणी: एक तुमच्या हाताशी, एक दाराजवळ उभ्या माणसाच्या हाताशी. दोन्ही नॉर्मली क्लोज्ड आणि एकामागे एक सीरिजमध्ये, आणि त्यांनी कॉन्टॅक्टरमधून मोटरींचा पुरवठा तोडायचा. यूएसबी काढून सीट थांबेल यावर भरवसा नको, अर्डुइनोला वीज दुसरीकडून मिळत असेल तर त्याला शेवटचा हुकूम लक्षात राहतो आणि तो पाळत बसतो. खोलीत तुम्ही नसाल तेव्हा मेन स्विच बंद. बोलणं संपलं.

पॉट क्रँकच्या शाफ्टवरच. मोटरीच्या मागच्या टोकाला लावलात तर गियरमधला झोल मोजलाच जात नाही. १० किलोओहमचा, लिनियर. शाफ्टला जोडताना घट्ट कपलिंग न लावता रबरी नळीचा छोटा तुकडा वापरा, म्हणजे मध्य जरासा हुकला तरी पॉटची मान मोडत नाही. सीट सरळ असताना अर्डुइनोला दिसणारा आकडा ५१२ च्या, म्हणजे मध्याच्या, जवळ यायला हवा. अर्डुइनोच्या पिनवरून ग्राउंडला एक मोठा रेझिस्टर टाका. वायर तुटली तर आकडा शून्यावर जाईल, आणि एसएमसी-थ्री या अर्डुइनोवरच्या मोटर चालवायच्या कोडमध्ये कटऑफची हद्द नीट घातलेली असेल तर मोटर बंद पडेल. रेझिस्टर नसेल तर तुटलेली पिन हवेतला कुठलाही आकडा दाखवते आणि मोटर त्याच्या मागे धावते. पॉट कालांतराने झिजतात, मधल्या भागात आधी, कारण सीट तिथेच जास्त असते. मग चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर लावा, त्यात घासणारं काही नाही.

कॉम्प्युटरचा सप्लाय नको. चालती मोटर झटकन थांबवली की ती क्षणभर जनरेटर होते आणि करंट परत पाठवते. सप्लायला वाटतं व्होल्टेज वाढलं, तो स्वतःला बंद करतो, आणि तेही नेमकं तुम्ही जोरात ब्रेक मारल्यावर. १२ व्होल्टची गाडीची बॅटरी आणि तिच्यावर चार्जर, हे सगळ्यात सरळ. बॅटरी आलेला करंट गिळते. पण बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच. शॉर्ट झाल्यावर बॅटरी कुणाचं ऐकत नाही. मोटर चालवणारा ड्रायव्हर म्हणून बीटीएस७९६० चे बोर्ड वापरतात ते चालतील, त्यावर लिहिलेले ४३ अँपिअर मनावर घेऊ नका, तेवढ्याशा हीटसिंकवर ते होत नाहीत. पंखा लावा.

आता झोल. रॉडच्या दोन्ही टोकांना रॉड एंड वापरा, भोक पाडून बोल्ट टाकायचं काम नको. भोकातला अर्धा मिलिमीटर रोज वाढतो. सीट सरळ असताना पाठीचा वरचा कोपरा धरून हलवा. टक असा आवाज आला तर कुठून आला ते बोटाने शोधा: एक बोट सांध्यावर, दुसऱ्या हाताने हलवायचं. झोल असलेला सांधा बोटाला नखाएवढा ठोका देतो. तो ठोका घालवल्याशिवाय पीआयडीला (मोटर जागेवर कशी आणायची ते ठरवणारे पी, आय, डी हे तीन आकडे) हात लावू नका, झोल पीआयडीने भरून निघत नाही.

पीआयडी असं लावा. आय आणि डी शून्य. पी वाढवत जा, सीट जागच्या जागी गुरगुरायला लागली की एक पायरी खाली. मग थोडा डी, थांबताना डोलणं जाईल इतकाच. आय बहुतेक लागत नाही. रिकाम्या सीटवर लावलेलं माणूस बसल्यावर बदलतं, म्हणून शेवटचं लावणं ७२ किलोचं पोतं ठेवून करा, स्वतः बसून नाही.

शून्य_जी

सगळं मान्य, पण एवढा खटाटोप वायपर मोटरींवर का? ओपन सोर्स एसएफएक्स-१०० ही घरी बांधायची मोशन रचना बघा. ७५० वॉटची एसी सर्वो मोटर, १६०५ चा बॉल स्क्रू, १०० मिमी स्ट्रोक, काही भाग थ्रीडी प्रिंट. चार कोपऱ्यांना चार. पिच, रोल आणि वरखाली म्हणजे हीव्ह, तिन्ही मिळतात. ३००० आरपीएमवर एका फेऱ्यात ५ मिमी सरकणारा स्क्रू सेकंदाला २५० मिमी जातो, आणि आवाज जवळजवळ नाही. ट्रॅकच्या कडेच्या कर्बवरून गेलात की अख्खा रिग टकटकतो. ग्लायडरवाल्याला तर हीव्ह हवाच, थर्मलमध्ये शिरल्याचं बुडाला कळतं. क्रॉसवर सीट वर उचलली जात नाही.

जुना_लेथ

हीव्हचं अगदी बरोबर. थर्मलची कड लागते तो धक्का दोन मोटरींनी देता येणार नाही, आणि ग्लायडरमध्ये तोच सगळ्यात कामाचा असतो. फार तर उभ्या जीचा थोडा भाग सीटखालच्या बेस शेकरला (थरथर देणाऱ्या स्पीकरला) द्या, थरथर तरी मिळेल.

पण एसएफएक्सला रिग तसा लागतो. चार कोपऱ्यांवर उचलल्यावर चौकट पिळता कामा नये. वेल्ड केलेला पाइपचा रिग पिळतो, आणि पिळला की चारातला एक पाय हवेत राहतो. शिवाय बॉल स्क्रू उलटा फिरतो: वीज गेली की वर्म गियर जागीच अडतो, पण बॉल स्क्रूवरचा रिग माणसासकट खाली बसतो. एसी सर्वो म्हणजे मेनची वीज चौकटीपर्यंत आली, अर्थिंग पक्कं हवं, ड्रायव्हर बंद केल्यावरही आतले कपॅसिटर काही मिनिटं भरलेले राहतात. हे सगळं करता येतं, लोक करतात. पण हिच्याकडे आज दोन मोटरी आणि वेल्डिंग मशीन आहे. सीट मूव्हरवर रोल-पिच कसे लावायचे ते हाताला समजलं की तीच समज पुढे चार पायांवर चालते. सॉफ्टवेअरही तेच राहू शकतं, फ्लायपीटी मूव्हर या गेमची हालचाल सीटकडे पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फक्त रिगची रचना बदलायची.

रात्रपाळी

म्हणजे आधी क्रॉस आणि वायपर, ठरलं. शेवटचं एक: मी ग्लायडर व्हीआर हेडसेट लावून उडवते. त्याने काही बिघडतं का?

शून्य_जी

बिघडतं. हेडसेटला सीट हलली हे कळत नाही, त्याला वाटतं तुमचं डोकं हललं. सीट ७ अंश पुढे झुकली की कॉकपिटमध्ये तुम्ही नाक पॅनेलला लावता. ओपनएक्सआर मोशन कॉम्पेन्सेशन म्हणून व्हीआरसाठी सॉफ्टवेअरचा एक लेयर आहे, तो सीटची हालचाल वजा करतो. एक कंट्रोलर सीटला घट्ट बांधून त्याच्याकडून हालचाल घेता येते, किंवा फ्लायपीटी मूव्हरकडून थेट. दुसरा मार्ग बरा, कंट्रोलर थरथरला की सगळं जग थरथरतं. फिरण्याचा मध्य मात्र नीट भरा: क्रॉसपासून डोळ्यांपर्यंतची उंची आणि पुढेमागचं अंतर टेपने मोजून.

जुना_लेथ

आणि हेडसेट लावलेल्या माणसाला लाल बटण दिसत नसतं. ते हाताशी म्हणजे मांडीला लागून, न बघता सापडेल असं बसवा. दोन-चारदा डोळे मिटून दाबून बघा, मगच बॅटरी जोडा.